सिनेमा कळतो, पण स्पॅनिशमध्ये सांगता येत नाही: ‘मे गुस्ता’च्या पुढे वाक्य सरकत नसेल तर

लक्षण असं असतं. रात्री स्पॅनिश सिनेमा पाहिलात, खाली सबटायटल्स होती, गोष्ट नीट कळली. एकदोन ठिकाणी तर सबटायटल वाचायच्या आधीच हसू आलं. दुसऱ्या दिवशी सरावाला बसल्यावर समोरचा विचारतो, ‘के ताल ला पेलीकुला?’ सिनेमा कसा होता? तुम्ही म्हणता, ‘मे गुस्ता’, मला आवडतो. मग जरा थांबून, ‘मूय ब्वेना’, खूप छान. त्यापुढे काही सुचत नाही, गाडी इंग्रजीवर जाते आणि स्पॅनिशचा सराव तिथेच संपतो. चार महिन्यांनी शब्द दुप्पट झालेले असतात, ॲपवरचा रोजचा धडा एकदाही चुकलेला नसतो, तरी त्याच प्रश्नाला तेच उत्तर.

कुडाळला आमचा स्पॅनिश बोलण्याचा लहानसा गट आहे. त्यात बोटीवर जाणारी मुलं आहेत, त्यांना मेसमध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर रोज जेवायचं असतं. मालवण-तारकर्लीकडे पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या बायका आहेत, निव्वळ हौसेनं शिकणारे निवृत्त गुरुजी आहेत. हा अडथळा सगळ्यांना येतो आणि पुन्हापुन्हा येतो. आपल्याकडे शब्द कमी आहेत, असंच प्रत्येकाला वाटतं. मला तसं वाटत नाही. शब्द बहुतेकांकडे पुरेसे असतात. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, मग ते स्पॅनिशमध्ये आणायला जातो आणि तिथे ते मोडतं. पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलताना तर इंग्रजीची ही वाट अगदीच आडवाट आहे. मराठी आणि स्पॅनिश या बाबतीत एकाच चालीनं चालतात. मराठीतून सरळ पलीकडे गेलात तर बरीचशी अडचण उरतच नाही.

पुढे स्पॅनिश वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ‘ब’ आणि ‘व’ यांत स्पॅनिश उच्चारात फरक नाही, म्हणून सगळीकडे ‘ब’ घेतला आहे. ‘ख’ दिसेल तो उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्यासारखा घशातून घासत काढायचा. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर असेल आणि तो चुकला तर अर्थ बिघडत असेल, तिथे अवग्रह, म्हणजे ‘ऽ’ हे चिन्ह, लावलं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

आधी बघा, अडतं कुठे

फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. काल पाहिलेलं काहीही घ्या: सिनेमा, मालिकेचा भाग, क्रिकेटची मॅच. थांबल्यावर रेकॉर्डिंग ऐका. ‘आवडला, नाही आवडला’ इथेच थांबला असाल तर पहिली दुरुस्ती तुमच्यासाठी. मत सांगून झालं पण गोष्ट सुरू करता आली नाही, तर दुसरी. गोष्ट सुरू झाली आणि काळाच्या गुंत्यात अडकली, तर तिसरी. बहुतेकांचं पहिल्यातच काहीतरी सैल असतं, त्यामुळे ती कुणी वगळू नये.

पहिली दुरुस्ती: ‘मला आवडला’ जसंच्या तसं न्या

इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो आणि तो सिनेमाला ‘आवडून घेतो’. तीच सवय घेऊन गेलेला माणूस स्पॅनिशमध्ये ‘यो गुस्तेऽ ला पेलीकुला’ म्हणतो, आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो. मराठीत आपण काय म्हणतो? ‘मला सिनेमा आवडला.’ आवडला कोण? सिनेमा. कुणाला? मला. स्पॅनिश नेमकं हेच करतं: ‘मे गुस्तोऽ ला पेलीकुला.’ ‘मे’ म्हणजे मला. आमच्या मालवणीत ‘माका आवाडला’ म्हणतात, त्यातला ‘माका’.

आवडलेली गोष्ट अनेकवचनी असली की क्रियापदही अनेकवचनी होतं, आपल्यासारखंच. ‘मला गाणी आवडली’ म्हणजे ‘मे गुस्तारोन लास कान्स्योनेस’. आपल्याकडे लिंगाप्रमाणेही क्रियापद बदलतं, आवडला, आवडली, आवडलं. स्पॅनिशमध्ये ते नाही. एकच ‘गुस्तोऽ’. म्हणजे इथे तुमचं काम मराठीपेक्षा सोपं आहे.

दोन माणसांची मतं वेगळी असली तर हे साम्य आणखी ठळक होतं. ‘मला आवडला, पण बहिणीला नाही’ याचं स्पॅनिश शब्दामागे शब्द ठेवत जा: ‘आ मी मे गुस्तोऽ, पेरो आ मि एर्माना नो.’ फक्त एक लक्षात ठेवा. ‘आईला आवडला’ म्हणताना ‘आ मि मामाऽ’ एवढ्यावर भागत नाही, पुढे ‘ले’ लागतोच: ‘आ मि मामाऽ ले गुस्तोऽ.’ मराठीत ‘आईला, तिला आवडला’ असं दोनदा म्हटल्यासारखं होतं. कानाला जड वाटेल, पण त्यांच्याकडे हेच रोजचं बोलणं आहे.

नुसत्या ‘आवडला’वर थांबू नका. भावना सांगणारी जवळपास सगळी वाक्यं याच साच्यात बसतात:

‘मे एन्कान्तोऽ’: मला प्रचंड आवडला. यात ‘खूप’ आधीच आलं आहे, म्हणून पुढे ‘मूचो’ लावत नाहीत.
‘मे द्यो म्येदो’: मला भीती वाटली.
‘मे द्यो रीसा’: मला हसू आलं.
‘मे द्यो लास्तिमा’: मला कीव आली, वाईट वाटलं.
‘मे द्येरोन गानास दे योरार’: मला रडावंसं वाटलं.
‘मे पारेस्योऽ लेन्ता’: मला संथ वाटला.
‘से मे ईसो लार्गा’: मला जरा लांबल्यासारखा वाटला.
‘नो मे गुस्तोऽ नादा’: अजिबात आवडला नाही.

भीती वाटते, हसू येतं, रडू येतं, कीव येते. मराठीत यातली एकही गोष्ट ‘मी’ करत नाही, ती मला होते. स्पॅनिशचंही तसंच. हे एकदा नीट पटलं की ‘मी घाबरलो’ला क्रियापद कोणतं, असले प्रश्न मनात येतच नाहीत. भीती म्हणजे ‘म्येदो’, हसू म्हणजे ‘रीसा’, आणि दोन्हींच्या आधी ‘मे द्यो’. साचा एकच, आत शब्द बदलायचा.

वरच्या यादीतल्या शेवटच्या वाक्यातलं ‘नादा’, म्हणजे ‘काहीच नाही’, बघा. इंग्रजीच्या शाळेत ‘एका वाक्यात दोन नकार नकोत’ हे इतकं घोटून घेतलेलं असतं की लोक ‘नो’ तरी गाळतात किंवा ‘नादा’ तरी. मराठीत ‘मला काहीच कळलं नाही’, ‘कोणीच आलं नाही’ हे आपण बिनदिक्कत म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘नो एन्तेन्दीऽ नादा’, ‘नो बीनो नाद्ये’ अशीच जोडी लागते.

आता अवग्रहाबद्दल. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर पडतो यावर अर्थ सहसा अवलंबून नसतो, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘गुस्तोऽ’चा जोर पहिल्या अक्षरावर गेला की ‘मे गुस्तो’ होतं, म्हणजे ‘मी स्वतःला आवडतो’. ‘योरोऽ’ म्हणजे तो रडला, आणि पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी रडतो’. ‘तेर्मिनोऽ’ म्हणजे संपला, ‘तेर्मीनो’ म्हणजे मी संपवतो. स्पॅनिश लिपीत यासाठी अक्षरावर तिरकी रेघ असते. वहीत उच्चार देवनागरीत उतरवले की ती रेघ हरवते आणि सहा महिन्यांनी जोर कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आमच्या गटात अवग्रह वापरतात. तुम्ही हवं तर अक्षराखाली रेघ मारा, पण काहीतरी खूण ठेवाच. समोरच्याच्या ‘काय म्हणालात?’मागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

दुसरी दुरुस्ती: गोष्ट सांगताना ‘असतो’ आठवा

गोष्ट सुरू करताना लोक सगळी क्रियापदं भूतकाळात बसवायला जातात आणि तिसऱ्या वाक्यात घाम फुटतो. त्याची गरज नाही. गावात कुणालाही विचारा, सिनेमात काय आहे? उत्तर येतं, ‘एक मुलगा असतो, तो आईबरोबर राहतो, त्याचा बाप बोटीवर असतो, आणि एक दिवस पत्र येतं.’ सगळं ‘असतो, राहतो, येतं’. सिनेमाची गोष्ट मराठी माणूस वर्तमानकाळातच सांगतो, आणि स्पॅनिश माणूसही. म्हणजे वर्तमानकाळाची जी रूपं तुम्ही पहिल्या महिन्यात शिकलात तीच इथे पुरतात.

सुरुवात दोन प्रकारे होते. एक, ‘त्राता दे’, म्हणजे सिनेमा अमक्याबद्दल आहे. ‘त्राता दे उना मुखेर के बुस्का आ सु ईखो’: आपल्या मुलाला शोधणाऱ्या बाईची गोष्ट आहे. स्पेनमध्ये बोलताना ‘बा दे’ जास्त ऐकू येईल, अर्थ तोच. लॅटिन अमेरिकेत पुष्कळ लोक ‘ला पेलीकुला से त्राता दे’ म्हणतात. प्रमाण भाषेत सिनेमाच्या नावापुढे तो ‘से’ चालत नाही. परीक्षा द्यायची असेल तर टाळा, गप्पांमध्ये ऐकू आला तर गोंधळू नका.

दुसरी सुरुवात ‘आय’ या शब्दानं. हा आपला ‘असतो’ आहे. ‘आय उन चीको के बीबे सोलो एन ला कोस्ता’: एक मुलगा असतो, तो किनाऱ्यावर एकटा राहतो. यातला ‘के’ फार कामाचा आहे. मराठीत आपण ‘जो एकटा राहतो तो’ असं मागेपुढे करतो किंवा ‘राहणारा’ असं विशेषण आधी लावतो. स्पॅनिशमध्ये आधी माणूस, मग ‘के’, मग त्याची हकिगत. माणूस आधी पक्का सांगून टाका, बाकीचं ‘के’ला लटकवत जा.

वरच्या वाक्यातला ‘बुस्का आ सु ईखो’मधला ‘आ’ इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो. मराठी माणसाला छळायचं काही कारण नाही. ‘ती घर शोधते’, पण ‘ती मुलाला शोधते’. माणूस आला की आपण ‘ला’ लावतो, वस्तू आली की सोडून देतो. स्पॅनिशचा ‘आ’ तोच आहे. ‘बुस्का सु कासा’, घर शोधते. ‘बुस्का आ सु ईखो’, मुलाला शोधते. ‘बी ला पेलीकुला’, मी सिनेमा पाहिला. ‘बी आ तु एर्मानो’, मी तुझ्या भावाला पाहिलं. व्याकरणाच्या पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. मराठी कानाला ते एका वाक्यात कळतं.

मग गोष्ट पुढे ढकलायला थोडेच सांधे लागतात. ‘आल प्रिन्सीप्यो’ सुरुवातीला, ‘ल्वेगो’ मग, ‘दे रेपेन्ते’ अचानक, ‘म्येन्त्रास’ तेवढ्या वेळात, ‘आल फिनाल’ शेवटी. आणि माझा सगळ्यात लाडका, ‘रेसुल्ता के’. गौप्यस्फोट करायच्या आधी आपण ‘तर होतं काय की’ म्हणतो ना, ते. ‘रेसुल्ता के एल पाद्रे एस्ताऽ बीबो’: तर होतं काय, बाप जिवंतच असतो. हा शब्द तोंडी बसला की ऐकणारा पुढे झुकतो, आणि तुम्हालाही विचार करायला क्षणभर मिळतो.

तिसरी दुरुस्ती: माझं ते भूतकाळात

सिनेमात घडलेलं वर्तमानकाळात, माझ्या बाबतीत घडलेलं भूतकाळात. मी पाहिला, मला आवडला, मला झोप लागली, हे सगळं माझं आहे. ‘आयेर बी उना पेलीकुला. त्राता दे उन पेस्कादोर के प्येर्दे सु बार्को. मे गुस्तोऽ, पेरो एल फिनाल मे पारेस्योऽ फ्लोखो.’ काल एक सिनेमा पाहिला. होडी गमावलेल्या एका मच्छीमाराची गोष्ट आहे. आवडला, पण शेवट कच्चा वाटला. पहिलं वाक्य भूतकाळ, मधलं वर्तमान, शेवटचं पुन्हा भूतकाळ. मराठीत वाचा, काळ तसेच बदलतात. एवढी तीन वाक्यं न अडखळता आली तरी गप्पा सुरू राहतात, कारण पुढचा प्रश्न समोरचाच विचारतो.

कधीकधी सिनेमातलाही भूतकाळ सांगावा लागतो. त्यांच्याकडे दोन भूतकाळ आहेत आणि कुठला कुठे वापरायचा यावर शिकणारे वर्षानुवर्षं डोकं खाजवतात. आपल्याकडेही दोन आहेतच. ‘पाऊस पडत होता, सगळे झोपले होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.’ पडत होता, झोपले होते, ही पार्श्वभूमी. थाप पडली, ही घटना. ‘योबीआ इ तोदोस एस्ताबान दोर्मीदोस. दे रेपेन्ते तोकारोन आ ला प्वेर्ता.’ मराठीत ‘-त होता’ किंवा ‘-आयचा’ येत असेल तर ‘योबीआ’सारखं लांबणारं रूप. नुसतं ‘पडली, आला, मेला’ येत असेल तर छोटं, तुटक रूप. शंभर ठिकाणी ही कसोटी डोळे मिटून लागणार नाही, पण गप्पांमध्ये ती क्वचितच दगा देते. ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ यांच्यातला फरकसुद्धा ती दाखवते: ‘साबीआ’ म्हणजे त्याला माहीत होतं, ‘सूपो’ म्हणजे त्याला कळलं. एकाच क्रियापदाचे दोन भूतकाळ.

इथे कोकणातलं एक वाक्य सांगायलाच हवं. पावसाळ्यात आपल्याकडे सिनेमा अर्धाच पाहून होतो, कारण लाईट जाते. ‘लाईट गेली’ याला स्पॅनिशमध्ये ‘से फ्वे ला लूस’ म्हणतात. ‘लूस’ म्हणजे उजेड, दिवा, आणि ती ‘गेली’. परत आली की ‘बोल्ब्योऽ ला लूस’. रेंज गेली तर ‘से फ्वे ला सेन्याल’. ‘से फ्वे ला लूस खुस्तो आन्तेस देल फिनाल, तोदाबीआ नो से कोमो तेर्मीना’: नेमकी शेवटाआधी लाईट गेली, अजून मला माहीत नाही काय होतं ते. जून ते सप्टेंबर हे वाक्य कुडाळात रोज वापरता येतं. शिवाय मेक्सिको असो की व्हेनेझुएला, ऐकणाऱ्याला ते लगेच आपलं वाटतं.

मराठी कुठे फसवते तेही बघा

मराठीतून जायचं म्हणजे डोळे झाकून जायचं नाही.

‘मी सिनेमा पाहिला, मी मालिका पाहिली, मी नाटक पाहिलं.’ क्रियापद पाहिलेल्या वस्तूप्रमाणे बदललं. स्पॅनिशमध्ये पाहणारा ‘मी’ असेल तर काहीही पाहा, ‘बी’च. ‘आवडला’ आणि ‘पाहिला’ मराठीत एकसारखे वाजतात, म्हणून पुष्कळजण ‘गुस्तोऽ’च्या चालीवर ‘यो ब्यो’ म्हणतात. ‘ब्यो’ म्हणजे त्यानं पाहिलं. मला आवडला: ‘मे गुस्तोऽ’. मी पाहिला: ‘बी’. ही दोन एका श्वासात घोटा, ‘बी ला पेलीकुला इ मे गुस्तोऽ’.

लिंग. सिनेमा आपल्याकडे पुल्लिंगी, त्यांच्याकडे ‘ला पेलीकुला’ स्त्रीलिंगी. त्यामुळे विशेषणही स्त्रीलिंगी: ‘लार्गा’, ‘लेन्ता’, ‘आबुर्रीदा’. मालिका दोन्हीकडे स्त्रीलिंगी, ‘ला सेर्ये’. माहितीपट ‘एल दोकुमेन्ताल’, मॅच ‘एल पार्तीदो’, दोन्ही पुल्लिंगी. ‘आ’नं संपणारे शब्द स्त्रीलिंगी असं शिकवतात, पण ‘एल प्रोग्रामा’, ‘एल द्रामा’, ‘एल तेमा’ पुल्लिंगी आहेत, कारण ते ग्रीकमधून आले. पात्राला ‘एल पेर्सोनाखे’ म्हणतात आणि पात्र बाई असली तरी शब्द पुल्लिंगीच. सुचवताना लिंग परत डोकं वर काढतं: सिनेमा सुचवायचा तर ‘ते ला रेकोम्येन्दो’, माहितीपट सुचवायचा तर ‘ते लो रेकोम्येन्दो’. एकेक शब्द ‘एल’ किंवा ‘ला’सकटच पाठ करावा, सुटा कधीच नको.

‘मला वाटलं’ मराठीत दोन कामं करतं. ‘मला संथ वाटला’ हे मत आहे, तिथे ‘मे पारेस्योऽ’. ‘मला वाटलं तो मरणार’ हा अंदाज आहे, तिथे ‘पेन्सेऽ के से ईबा आ मोरीर’. आणि अंदाज साफ चुकला असेल तर ‘नो मे लो एस्पेराबा’, मला अपेक्षाच नव्हती.

कंटाळ्याचंही दोन तऱ्हांनी येतं. सिनेमा कंटाळवाणा असेल तर ‘एस आबुर्रीदा’. मला कंटाळा आला असेल तर ‘मे आबुर्रीऽ’. झोपच लागली तर पुरुषानं ‘मे केदेऽ दोर्मीदो’ म्हणायचं, बाईनं ‘दोर्मीदा’.

इंग्रजीचे तोतये

काही शब्द इंग्रजीसारखे दिसतात आणि भलतंच सांगतात. ‘आर्गुमेन्तो’ हा सहसा वाद नसतो, सिनेमाबद्दल बोलताना ते कथानक असतं. ‘काराक्तेर’ म्हणजे स्वभाव, पात्र नव्हे. ‘एक्सीतो’ म्हणजे यश, सिनेमा चालला असं सांगायचं तर ‘तूबो मूचो एक्सीतो’. ‘एसेनार्यो’ म्हणजे रंगमंच. आणि सिनेमा पाहून भारावून गेलो असं सांगायला ‘एक्सितादो’ वापरू नका, त्या शब्दाला कामुक अर्थ आहे. ‘मे एमोस्योनोऽ’ म्हणा. बोटीवर जाणाऱ्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

उलट आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज ठेवून गेले ते शब्द खरे सोबती आहेत. आपला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’वरून, आणि स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. बादली आली ‘बाल्दे’वरून, तोच शब्द स्पॅनिशमध्ये आहे. पाव तिकडे ‘पान’, चावी ‘याबे’. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली अजून घरात बोलतात. स्पॅनिश पोर्तुगीजची सख्खी बहीण, त्यामुळे कोकणातल्या माणसानं ती भाषा आपल्याला पार परकी आहे असं मानायचं काही कारण नाही.

सरावाला दशावतार घ्या

परदेशी सिनेमावर सराव करताना लोक सबटायटलमधली वाक्यं आठवत बसतात. त्यापेक्षा जे तुम्हाला आतूनबाहेरून माहीत आहे ते सांगा. आमच्याकडे दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मी सगळ्यांना एकच काम देते: दशावतार पाहून या आणि ज्यानं तो कधीच पाहिला नाही त्याला स्पॅनिशमध्ये सांगा. शब्दकोशात दशावतार सापडणार नाही, म्हणून वर्णन करणं भागच पडतं. वाक्यं साधारण अशी होतात:

‘आनोचे बी उना ओब्रा दे तेआत्रो एन एल तेम्प्लो दे मि प्वेब्लो.’ काल रात्री गावच्या देवळात एक नाटक पाहिलं.
‘एस उना एस्पेस्ये दे तेआत्रो पोपुलार के दुरा तोदा ला नोचे.’ रात्रभर चालणारा लोकनाट्याचा एक प्रकार आहे.
‘तोदोस लोस आक्तोरेस सोन ओम्ब्रेस, ताम्ब्येन आसेन लोस पापेलेस दे मुखेर.’ सगळे नट पुरुष, बायकांच्या भूमिकाही तेच करतात.
‘नो आय ग्योन एस्क्रीतो, इम्प्रोबीसान लोस द्यालोगोस.’ लिहिलेली संहिता नसते, संवाद ऐनवेळी रचतात.
‘आल प्रिन्सीप्यो साले गणपती, एल द्योस कोन काबेसा दे एलेफान्ते.’ सुरुवातीला गणपती येतो, हत्तीचं मस्तक असलेला देव.
‘ल्वेगो साले संकासुर, उन देमोन्यो के आसे रेईर आ ला खेन्ते.’ मग संकासुर येतो, लोकांना हसवणारा राक्षस.
‘लो के मास मे गुस्तोऽ फ्वे ला पेलेआ देल फिनाल.’ मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे शेवटचं युद्ध.

यात कठीण असं काय आहे? काळ वर सांगितला तसाच: पाहिलं ते भूतकाळात, प्रयोगात घडतं ते वर्तमानात. ‘उना एस्पेस्ये दे’, म्हणजे ‘एक प्रकारचं’, ही तीन शब्दांची जोडणी तर सोन्यासारखी आहे. ज्याला त्यांच्याकडे शब्दच नाही असं काहीही तिच्यामागे ठेवून सांगता येतं. ‘साले’चा नेहमीचा अर्थ ‘बाहेर पडतो’, पण रंगमंचाच्या बाबतीत तो ‘प्रवेश करतो’ असा होतो. नट पडद्याआडून बाहेर येतो, असं डोळ्यांपुढे आणलं की पटतं. ‘लो के मास मे गुस्तोऽ फ्वे’ हे तर ‘मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे’चंच रूप, शेवटचा ‘ते म्हणजे’सुद्धा ‘फ्वे’त आला. रत्नागिरीकडच्यांनी नमन घ्यावं, शिमग्याची पालखी नाचवणं घ्यावं. पिंगुळीच्या चित्रकथीवर सांगता आलं तर फारच छान. तिथे चित्र समोर धरून गोष्ट सांगतात, म्हणजे ‘आय’ आणि ‘के’ला भरपूर काम.

मध्येच शब्द हरवला तर

इथे बहुतेकजण इंग्रजी शब्द घुसवतात आणि मग पुढचं सगळं वाक्य इंग्रजीच्या रुळावर जातं. त्यापेक्षा ‘कोमो से दीसे’, म्हणजे ‘काय म्हणतात त्याला’, हे म्हणत वेळ काढा. ‘से मे ओल्बिदोऽ ला पालाब्रा’ म्हणा, शब्द विसरलो. त्या वाक्यात विसरायचा दोष माणसावर नाही, शब्दच निसटून गेला. मग फिरवून सांगा. दीपस्तंभ आठवत नसेल तर ‘ला तोर्रे कोन लूस, पारा लोस बार्कोस’, होड्यांसाठीचा उजेडाचा मनोरा. समोरचा आपणहून ‘फारो’ म्हणेल आणि तो शब्द तुम्ही पुन्हा विसरणार नाही.

गोष्टीचा गुंता फारच झाला तर ‘नो ते क्वेन्तो एल फिनाल’ म्हणून मोकळे व्हा, शेवट सांगत नाही. त्यात काही पळवाट नाही, कुठल्याही भाषेत लोक असंच करतात. मत धड ना बरं ना वाईट असेल तर ‘नी फू नी फा’, ठीकठाक. बघण्यासारखा असेल तर ‘बाले ला पेना’. आणि स्वतःचं झालं की लगेच विचारा, ‘इ आ ती, के ते पारेस्योऽ?’, तुला कसा वाटला? उत्तर ऐकताना त्याची क्रियापदं टिपा. स्पेनचा माणूस आजच पाहिलेल्या सिनेमाबद्दल ‘मे आ गुस्तादो’ म्हणेल, कोलंबियाचा बहुधा ‘मे गुस्तोऽ’च. दोन्ही बरोबर. तुम्ही ‘गुस्तोऽ’ धरून ठेवा, ते सगळीकडे चालतं.